मराठवाड्याच्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर: पहिल्यांदाच लांब निघणाऱ्यांसाठी

घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ ही तीन ज्योतिर्लिंगं मराठवाड्यातच आहेत, त्यामुळे इकडच्या कितीतरी पोरांची पहिली मोठी मोटारसायकल ट्रिप हीच असते. छत्रपती संभाजीनगरहून निघायचं, वेरूळ करून जालना, मंठा, जिंतूरमार्गे औंढा गाठायचं, तिथून परभणी, गंगाखेड करत परळी. वेळ उरला तर अंबाजोगाई, लातूर, औसा, तुळजापूर आणि शेवटी नळदुर्गचा किल्ला. मुक्काम कुठे, दर्शन किती वाजता, जेवण कुठल्या ढाब्यावर, हे सगळं ठरलेलं असतं. गाडी मध्येच थांबली तर काय, हे मात्र "बघू तेव्हा" म्हणून सोडलेलं असतं.

वाटेत गाडी उघडून दुरुस्त करता आली तर चांगलंच, पण ते दुय्यम. लहान बिघाड लहान असतानाच पकडायचा, हे पहिलं. चेन ढिली झाली तर ताणायला दहा मिनिटं लागतात. तीच चेन पळत्या गाडीत उतरली आणि क्रँककेसला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाला लागली, की इंजिनाला भोक. बरेच मोठे खर्च "पुढच्या गावात बघू" या तीन शब्दांतून निघतात.

वाट ठरवताना

अंतर सगळेच बघतात. तुम्ही वाटेवरची तालुक्याची गावंही बघा आणि कागदावर लिहून काढा. तालुक्याच्या गावाला पंक्चरवाला, स्पेअर पार्टचं दुकान आणि दोनचार गॅरेज मिळतातच. कंपनीचं सर्व्हिस सेंटर हवं असेल तर बहुतेक वेळा जिल्ह्याचं गाव गाठावं लागतं. गाडी थांबली, की पहिला प्रश्न "पुढे जाऊ की मागे" हाच असतो, आणि तो कागद तेव्हा कामाला येतो. जिंतूरच्या पुढे औंढ्याच्या वाटेवर चेन कुरकुरायला लागली, तर जिंतूर किती मागे पडलं हे माहीत असलेला माणूस निवांत गाडी वळवतो.

गाडी कोणती आहे यावरही बरंच ठरतं. स्प्लेंडर, शाईन, पल्सर, युनिकॉर्न यांची केबल, प्लग, ब्रेक शू इकडे सहज मिळतात. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणाऱ्यांची फळी उभी राहिली, आणि संभाजीनगर परिसरात गाडी समजणारा माणूस सहसा शोधावा लागत नाही. पण तुमची गाडी महागडी, रेडिएटरवाली, जाड रुंद टायरची असेल तर परळीत किंवा औशात तिचा ब्रेक पॅड मिळेल असं गृहीत धरू नका. तो घरूनच घेऊन निघा.

समृद्धी महामार्ग जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. मोबाइलच्या नकाशात कारऐवजी दुचाकीचा पर्याय निवडा, नाहीतर तो तुम्हाला थेट समृद्धीच्या टोलनाक्यासमोर नेऊन उभा करेल. फेरी नांदेडहून माहूरपर्यंत वाढवणार असाल तर किनवट-माहूरचा भाग जंगलाचा आहे, वस्ती विरळ आहे, रेंज मध्येच जाते. टाकी नांदेडलाच भरा आणि उजेड असेपर्यंत माहूरला पोहोचा.

पंचांगही बघा. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडे येळवस असते. त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं आणि गॅरेज सोडा, चहाची टपरीही उघडी मिळणं मुश्कील. गाडी त्याच दिवशी बंद पडली तर मिस्त्री मिळणार नाही, भज्जी आणि आंबील मात्र कुठल्याही शेतात मिळेल. पोळ्याच्या दिवशीही खेड्यांतली दुकानं लवकर मिटतात.

निघण्याआधी

सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. आठवडाभर आधी करा आणि मग शंभरेक किलोमीटर गाडी पळवून बघा. गॅरेजमध्ये एखादा नट ढिला राहिला असेल, केबल जास्त ताणली गेली असेल, ऑइल गळत असेल, तर ते घराजवळच कळतं.

टायरच्या कडेला चार आकडी अंक असतो. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शिल्लक दिसली तरी जुना टायर कडक होतो, त्याला बारीक भेगा पडतात. तारेच्या चाकांत ट्यूब असते. तिला आधीच चारपाच ठिगळं असतील तर नवी टाका. क्लच केबलचं लिव्हरकडचं टोक उघडून बघा. केबल एका दमात क्वचित तुटते. आधी तिची एकेक तार सुटते आणि झाडूसारखी पिंजारते. तसं दिसलं तर लगेच बदला.

आता एक काम, जे नवखे हमखास टाळतात. घरच्या अंगणात, कंपनीने दिलेल्या टूलकिटमधल्याच पान्यांनी, एकदा मागचं चाक काढा आणि परत बसवा. एक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा नट त्या पातळ पान्याने सुटत नाही, हे तेव्हाच लक्षात येतं. मग बाजारातून चांगला रिंग पाना घ्याल. प्लग काढून लावणं, फ्यूज बदलणं, चेन ताणणं हेही तेव्हाच करून बघा. मोकळ्या वेळात एकदा हाताखालून गेलेलं काम उन्हात रस्त्याकडेला अर्ध्या वेळात होतं.

सोबत काय घ्यायचं

लोक पान्यांची अख्खी पेटी घेतात आणि हवा भरायचा पंप विसरतात. तुमच्या गाडीला जे नट आहेत तेवढेच पाने पुरतात. बहुतेक गाड्यांना 10, 12, 14, 17 आणि एक्सलचा मोठा, सोबत ऍलन कीचा संच, प्लगचा पाना, पक्कड आणि दोन्ही तोंडांचा स्क्रू ड्रायव्हर. स्पेअरमध्ये एक प्लग, क्लच आणि ऍक्सिलरेटरच्या केबली, चेनची एक जोडकडी, दोनतीन फ्यूज, ट्यूबवाल्या गाडीला पुढची-मागची एकेक ट्यूब, ट्यूबलेसला पंक्चर किट, आणि एक क्लच लिव्हर. गाडी उभ्या जागी पडली तरी आधी लिव्हरच तुटते.

बारीकसारीक वस्तूंमध्ये इन्सुलेशन टेप, केबल टाय, हातभर बाइंडिंग तार, एम-सील, जुना टूथब्रश, फडकी आणि डोक्याला लावायची टॉर्च. टॉर्च हातात धरायची घेतलीत तर काम करायला एकच हात उरतो.

क्लचची स्पेअर केबल बॅगेत नेण्यापेक्षा जुन्या केबलच्या बाजूनेच फिरवून टायने बांधून ठेवा. तुटली तर फक्त दोन टोकं बदलायची, टाकी उचलायची गरज नाही.

आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स डिजिलॉकरमध्ये चालतात. तरी आरसीची एक छापील प्रत जवळ असू द्या. ती का, हे शेवटी सांगतो. विम्यात रस्त्यावरच्या मदतीचं कलम आहे का, ते किती अंतरापर्यंत आहे आणि त्याचा नंबर काय, हे घरीच वाचून फोनमध्ये टाका.

गाडी थांबली: पहिली दहा मिनिटं

पाना काढू नका. आधी गाडी डांबराच्या पूर्ण खाली घ्या, शक्यतो सावलीत. साइडपट्टीवर अर्धी, रस्त्यावर अर्धी अशी गाडी ठेवून खाली वाकून बघणारी माणसं नेहमी दिसतात. ऊस गाळपाच्या दिवसांत, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत, लातूर, बीड, धाराशिव, परभणीकडच्या रस्त्यांवर दोनदोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. ट्रॉलीला मागे दिवा असतोच असं नाही, आणि ऊस ट्रॉलीच्या रुंदीबाहेर आलेला असतो. अंधारात गाडी बंद पडली तर हेल्मेट डोक्यावरच ठेवा, गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये उभे राहू नका, आणि दुरुस्ती सकाळवर ढकला. ढाबा, पेट्रोल पंप, मंदिराचं आवार, जे जवळ असेल तिथपर्यंत गाडी ढकलत न्या.

मग पाणी प्या आणि आठवा: गाडी थांबण्याआधी काय झालं? झटके मारत थांबली की एकदम गप्प झाली? वास आला का, आवाज बदलला का, दहा किलोमीटर आधी कुठे पेट्रोल भरलं का? मिस्त्री पहिल्यांदा हेच विचारणार आहे, आणि अर्धं निदान यातच असतं.

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 हा मदतीचा नंबर आहे. अपघात किंवा दुखापत असेल तर 108 आणि 112.

सुरूच होत नाही

क्रम पाळा. सोपं आणि फुकटचं ते आधी.

हँडलवरचं लाल किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, बंदवर तर नाही ना? बॅग बांधताना त्याला धक्का लागतो. साइड स्टँड पूर्ण वर आहे का? नव्या गाड्यांत स्टँड खाली असला तर गिअर टाकताच इंजिन बंद होतं, आणि स्टँडच्या स्विचमध्ये चिखल अडकला तर स्टँड वर असूनही तेच होतं. टाकी हलवून पेट्रोल खळखळतंय का ऐका.

आता हॉर्न वाजवा. हॉर्न रडका वाजला, दिवे मंद झाले, सेल्फ दाबल्यावर नुसतं कटकट वाजलं, तर दोष बॅटरीकडे आहे. सीट काढा आणि बॅटरीची दोन्ही टोकं हाताने हलवून बघा. खराब रस्त्याने टर्मिनलचा स्क्रू ढिला होणं हे लांबच्या प्रवासातलं अगदी नेहमीचं कारण. पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर टूथब्रशने घासा आणि आवळा. सोडवावं लागलं तर आधी मायनस काढा, लावताना मायनस शेवटी. काहीच लागत नसेल, हॉर्नही नाही, दिवाही नाही, तर फ्यूज बघा. तो बॅटरीच्या जवळ छोट्या डबीत असतो, आणि स्पेअर फ्यूजही बहुतेक तिथेच. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावायचा सल्ला कुणीतरी देईलच. ऐकू नका, जिथे दहा रुपयांचा फ्यूज जळायचा तिथे वायरिंग जळेल. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी वायर घासून उघडी पडली आहे. हँडलच्या मानेजवळ आणि सीटखाली शोधा, टेप गुंडाळा.

बॅटरी उतरली असेल तर धक्का स्टार्ट: चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबून पळवा, वेग आला की सीटवर बसता बसता क्लच सोडा आणि इंजिन धरलं की लगेच पुन्हा दाबा. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बहुतेक बीएस-6 (धुराच्या नव्या निकषाच्या) गाड्यांत पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. बॅटरी पार मेलेली असेल तर कितीही पळा, ती सुरू होत नाही. अशा वेळी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा आधार लागतो.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही, तर पेट्रोल आणि करंट हे दोनच धागे उरतात. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर टाकीकडून दोनेक सेकंद "झूं" असा पंपाचा आवाज येतो. तो आला नाही तर पंप, त्याचा फ्यूज किंवा वायर. या गाड्यांना पेट्रोल तळाला जाईपर्यंत पळवू नका. पंप पेट्रोलमध्येच थंड राहतो. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत टाकीखालचा पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर टाका, मग कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू थोडा सोडून बाटलीत थेंब धरा. बाटलीच्या तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसला तर कारण सापडलं. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी झटके मारायला लागली असेल तर हीच शंका आधी घ्या. पावती जपा. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागायचा ग्राहकाला हक्क आहे.

मग प्लग. इंजिन थंड होऊ द्या, प्लगभोवतीची माती फुंकून काढा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. निघालेला प्लग नीट बघा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर इंजिन सुदृढ आहे. कोरडी काजळी असेल तर एअर फिल्टर चोंदलेला असू शकतो. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याचा फुफाटा खात आलेल्या गाडीत हे सर्रास दिसतं. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय, करंट येत नाही. काळा, तेलकट, चिकट असेल तर इंजिन ऑइल खातंय. ते रस्त्यावर सुटणारं काम नाही, ऑइलची पातळी बघत बघत जिल्ह्याचं गाव गाठा. प्लग पुसा, शंका असेल तर स्पेअर लावा, आणि कॅप कट् आवाज येईपर्यंत बसवा. करंट तपासायला काढलेला प्लग कॅपमध्ये घालून इंजिनाला टेकवतात. ते जुन्या गाडीपुरतं ठीक, तेही प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. नव्या इंजेक्शनच्या गाडीवर हा प्रयोग करू नका.

इतकं करून गाडी सुरू झाली नाही, तर थांबा. यापुढे खोलत गेलात तर मिस्त्रीला दोन बिघाड काढावे लागतील, एक गाडीचा आणि एक तुमचा.

पंक्चर

मराठवाड्यात पंक्चरचं पहिलं कारण बाभूळ. गावठी बाभळीपेक्षा वेड्या बाभळीने जास्त छळलंय. ती रस्त्याकडेला, कालव्याकडेला, पडीक रानात सगळीकडे माजली आहे आणि तिच्या फांद्या तोडून बांधाला कुंपण म्हणून लावतात. गाडी सावलीत लावायची म्हणून रस्ता सोडून झाडाखाली घेता, तीच ही जागा. आधी खाली बघा, मग गाडी घ्या.

पळता पळता मागचा टायर बसला तर गाडीची शेपटी डोलायला लागते, पुढचा बसला तर हँडल जड होतं. हँडल सरळ धरा, ऍक्सिलरेटर हळू सोडा, आणि ज्या चाकातली हवा गेली त्याचा ब्रेक दाबू नका. बसलेल्या टायरवर गाडी चालवत नेली तर ट्यूब चिंधीसारखी फाटते, व्हॉल्व्ह उपटतो, आणि साध्या ठिगळाचं काम नव्या ट्यूबवर जातं.

ट्यूबलेसमध्ये खिळा दिसला तरी किट हातात येईपर्यंत तो उपटू नका. तो आहे तोवर हवा हळू जाते. जागेवर खडूने किंवा मातीने खूण करा, पक्कडीने खिळा काढा, खरबरीत सळई त्याच तिरपात आतबाहेर करा, सोल्युशन लावलेली पट्टी सुईत ओवून आत रेटा आणि सुई झटक्यात बाहेर ओढा. पट्टीची टोकं थोडी बाहेर ठेवून कापा. वर थुंकी लावा. बुडबुडा आला नाही, की झालं. टायरची बाजू फाटली असेल तर पट्टी चालत नाही, टायरच बदलायचा.

ट्यूबवाल्या चाकाला रस्त्याकडेचा पंक्चरवाला बरा, पण त्याचं काम जवळ उभं राहून बघा. तो ट्यूबमध्ये हवा भरून घमेल्यातल्या पाण्यातून वीतवीत फिरवतो. पाणी गढूळ, वर तेलाचा तवंग, आणि त्यातून एका जागी मोत्यांची माळ निघावी तसे बारीक बुडबुडे वर येतात. तिथे तो बोट ठेवतो, पुसतो, घासतो, ठिगळ चिकटवतो. बहुतेकजण इथे फोन काढतात. तुम्ही त्या वेळात टायर हातात घ्या. ट्यूबला भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर होतं ते बघा आणि टायरवर तेवढ्याच अंतरावर काटा शोधा. आतून फडकं फिरवा. ते जिथे अडकेल तिथे काटा. बाभळीच्या काट्याचं टोक रबरात मोडून बसतं, बाहेरून काहीच दिसत नाही. ते राहिलं तर दहा किलोमीटरवर तीच ट्यूब त्याच जागी पुन्हा जाते, आणि शिव्या पंक्चरवाल्याला बसतात.

हवा किती, हे चेनकव्हरवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. मागे माणूस आणि सामान असेल तर मागच्या चाकाला जास्त, तेही तिथेच दिलेलं असतं. दाब थंड टायरचा मोजायचा. भर उन्हात पळवून आल्यावर आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडू नका.

चेन आणि केबली

चेनला रोज संध्याकाळी मुक्कामी पाच मिनिटं द्या. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वरखाली करून बघा. साध्या गाड्यांत साधारण दोन ते तीन सेंटिमीटर खेळ असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत बघा. चाक फिरवून तीनचार जागी मोजा आणि जिथे सर्वांत ताठ आहे तिथला धरा. एक्सल नट सैल करून दोन्ही बाजूंचे ऍडजस्टर सारख्याच खुणेवर आणा, नाहीतर चाक तिरकं बसतं. जास्त ताणलेली चेन ढिल्या चेनपेक्षा वाईट. ती बेअरिंग खाते. पावसातून किंवा फुफाट्यातून आलात तर पुसून लूब लावा. एरवी पाचेकशे किलोमीटरला एकदा.

चेन तुटली तर जोडकडी लागते, आणि ती तुमच्याच नंबरची. चेनच्या पट्टीवर 428 किंवा 520 असा आकडा कोरलेला असतो. जोडकडीची क्लिप बसवताना तिचं बंद टोक चेन पळते त्या दिशेला, म्हणजे वरच्या बाजूला पुढे. उलटी बसली तर कशालाही घासून निघून जाते.

क्लच केबल तुटली आणि स्पेअर नसेल तरी जवळच्या गावापर्यंत जाता येतं: न्यूट्रलवर सुरू करा, पायाने गाडी थोडी पळवा, हलकेच पहिला टाका. पुढचे गिअर ऍक्सिलरेटर क्षणभर सोडून पायाने चढवा. थांबायच्या आधी न्यूट्रल. बाजाराच्या दिवशी गावातून असं जाऊ नका. ऍक्सिलरेटरची केबल गेली तर कार्बोरेटरच्या गाडीत आयडलचा स्क्रू वाढवून पहिल्या-दुसऱ्यात रांगत जाता येतं.

काळी माती आणि ऊन

पावसाळ्यात डांबर सोडून पांदीच्या रस्त्याला लागण्याआधी दहा पावलं चालून बघा. चप्पल जड झाली तर गाडी घालू नका. इकडची काळी माती चाकाबरोबर वर चढते, टायर आणि पुढच्या मडगार्डच्या मध्ये ठासून भरते आणि पन्नास-शंभर फुटांत चाक जाम. नवखा मग ऍक्सिलरेटर पिळतो, चाक जागचं हलत नाही, क्लच प्लेट जळल्याचा वास येतो. तो वास आला की ऍक्सिलरेटर सोडा. गाडी उभी करा, काडीने माती उकरा आणि पुढच्या मडगार्डचे चार बोल्ट काढून मडगार्ड मागे सामानावर बांधा. अंगावर चिखल उडेल, पण चाक फिरेल. डांबरावर आल्यावर ओली असतानाच माती धुवा. वाळली की दगड होते, इंजिनाच्या पात्यांत आणि रेडिएटरच्या जाळीत बसते, आणि गाडी तापायला लागते.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. पहाटे निघा, बारा ते चार थांबा. गाडीचा ओढ कमी वाटला, इंजिनातून टकटक आवाज आला, तर सावलीत अर्धा तास. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. उकळता कूलंट तोंडावर येतो. मांजरसुंब्याचा किंवा कन्नडचा घाट उतरताना खालच्या गिअरवर या. सतत ब्रेक दाबत उतरलात तर डिस्क तापते आणि नेमका वळणावर ब्रेक मऊ लागतो.

सोयाबीनच्या दिवसांत रस्त्यावर रास वाळत घातलेली असते. तिच्यावरून गाडी घसरते आणि काड चेनमध्ये, सायलेन्सरभोवती अडकतो. पुढे थांबून काढून टाका.

मिस्त्रीकडे

लक्षण सांगा, निदान सांगू नका. "कार्बोरेटर साफ करा" म्हणालात तर तो कार्बोरेटर साफ करेल, पैसे घेईल, आणि बिघाड तसाच राहील. "काय झालं पाव्हणं?" असं त्याने विचारलं, की "मामा, चढाला ओढत नाही, चौथ्यात झटके मारते, परभणीत पेट्रोल भरल्यापासून" एवढं पुरे. गॅरेजसमोर कुठल्या गाड्या उभ्या आहेत ते बघा, तुमच्यासारखी एकही नसेल तर स्पष्ट विचारा, "ही गाडी याआधी केलीय का?" नाही म्हणणारा मिस्त्री प्रामाणिक असतो. त्यालाच विचारा, कोण करतं. तो नाव सांगतो, बहुतेक वेळा फोनही लावून देतो.

खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. मजुरी आधी ठरवा. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. रस्त्याकडे, धुळीत इंजिन उघडू देऊ नका. "हेड खोलावं लागेल" हे शब्द ऐकले, की गाडी टेम्पोत घालायची वेळ झाली. निघताना एक्सल नट, ब्रेक आणि चेन स्वतः हात लावून बघा, आणि दहाएक किलोमीटरवर थांबून पुन्हा बघा.

गाडी उचलून नेताना

दुसऱ्या गाडीवरून पायाने ढकलत नेणं सगळीकडे दिसतं, पण सामान लादलेल्या गाडीने महामार्गावर ते करू नका. छोटा हत्ती किंवा पिकअप शोधा. ढाब्यावर, खताच्या दुकानात, मोंढ्याजवळ विचारलं तर मिळतो. रिकामा परत जाणारा टेम्पो निम्म्या पैशात तयार होतो. चढवायला फळी नसेल तर रस्त्याकडेचा उंच बांध बघा. टेम्पोचं फाळकं तिथे टेकवलं, की गाडी सरळ आत जाते. आत गाडी साइड स्टँडवर ठेवू नका. पुढचं चाक केबिनला टेकवा, पहिला गिअर टाका, हँडलच्या खालून दोन्ही बाजूंना दोर ताणा, इतका की पुढचे शॉकअप थोडे दबतील. मागचं चाक वेगळं बांधा.

काम मोठं निघालं आणि सुट्टी संपली असेल तर रेल्वे आहे. नांदेड, परभणी, जालना आणि संभाजीनगर एकाच मार्गावर आहेत. परळी आणि लातूरलाही रेल्वे आहे. ज्या स्टेशनवर रेल्वे दोनच मिनिटं थांबते तिथे मोटारसायकल चढवत नाहीत, म्हणून मोठं स्टेशन धरा. पार्सल ऑफिसला आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागतं. छापील प्रत जवळ ठेवा म्हटलं ते यासाठी. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं. गाडीला पोती गुंडाळायला स्टेशनबाहेर माणसं असतात. आरसे आणि इंडिकेटर आधी काढून बॅगेत ठेवा. पुठ्ठ्यावर तुमचं नाव, फोन, कुठून कुठे हे मोठ्या अक्षरात लिहून गाडीला दोन ठिकाणी बांधा. तुम्ही त्याच रेल्वेने तिकीट काढून जात असाल तर मोटारसायकल लगेज म्हणून सोबत टाकता येते, नाहीतर पार्सल म्हणून, आणि मग ती तुमच्यानंतर एकदोन दिवसांनीही येऊ शकते. पोहोचल्यावर ठरलेल्या मुदतीत सोडवून घ्या, नाहीतर तासांच्या हिशोबाने व्हार्फेज, म्हणजे माल उशिरा सोडवल्याचा आकार लागतो. सोडवायला जाताना बाटलीत थोडं पेट्रोल न्यावंसं वाटेल, पण स्टेशनच्या आवारात ते चालत नाही; गाडी बाहेर ढकलत आणा आणि मग जवळच्या पंपावर न्या.